उत्तर एकटं सोडू नये

"उत्तर एकटं सोडू नये, मॅडम. हरपते."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता वर्गात एखादं पोरगं नुसतं "हो" म्हणालं तरी माझ्या तोंडून निघून जातं, "हो म्हणजे काय हो? आधी मी काय विचारलं ते सांग, मग हो म्हण." पोरं एकमेकांकडे बघतात. बघू द्या. माझी बदली आता केळापूरकडं झाली आहे, पण त्याआधी बाभुळगावला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, त्या घरमालक काकांची ही खोड आहे आणि ती मला कायमची लागली आहे.

खोली बघायला गेले तेव्हा काका अंगणात बाजेवर पडले होते. मी फाटकाबाहेरूनच विचारलं, "माडीवरची खोली भाड्यानं द्यायची आहे का?"

ते उठून बसले. चष्मा शोधला, पुसला, लावला. मग म्हणाले, "तुम्ही इचारलं, माडीवरची खोली भाड्यानं द्याची हाय का. तर, द्याची हाय."

"बघता येईल?"

"तुम्ही इचारलं, पाह्यता येईन का. येईन."

मला वाटलं, म्हातारा माझी चेष्टा करतोय. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. मी वळलेच होते, तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "ये वं पोरी आत. तो तसाच हाय. त्याच्या नादी लागशीन तं संध्याकाळपर्यंत फाटकातच उभी राहशीन."

त्या ताई. काकांची थोरली बहीण. ढाणकीला दिलेली, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून कधीकाळी भावाकडे परत आल्या त्या इथल्याच झाल्या. काकांनी लग्न केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणा करून कारण विचारलं, तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुम्ही इचारलं, लग्न काहून नाही केलं. तर, मले कोणी इचारलंच नाही."

काकांची सगळी नोकरी यवतमाळच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेली. तिथंच त्यांना हे वेड लागलं, असं ताई सांगायच्या. नवेनवे असताना लग्नसराईतल्या गर्दीत कोणीतरी ओरडून विचारलं, "लागली का?" काकांनी उत्तर दिलं, "लागली." विचारणारा राळेगावचा होता. पण ते "लागली" ऐकून एक म्हातारी तरातरा निघाली आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत चढली. तिला जायचं होतं उमरखेडकडं, लेकीच्या घरी बारशाला. गाडी होती राळेगावची. बारसं हुकलं. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "बापू, काल तू लागली म्हनलं ते मले म्हनलं होतं, का दुसऱ्याले?"

त्या दिवसापासून समोरच्याचं बोलणं आधी त्याच्या पदरात परत घातल्याशिवाय त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. "राळेगाव इचारलं. राळेगाव लागली." साहेब लोक कावले, रांग वाढली, तरी त्यांनी सोडलं नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी ते अंगणातल्या कडुलिंबाखाली झोपत. सगळं गाव दारं लावून पडलेलं, कुठंतरी होला घुमतोय, जिनिंगकडून उडत आलेला कापूस कुंपणाच्या तारेला अडकून हलतोय. अशा वेळी झोपेतून काकांचा आवाज यायचा. जागेपणीचा नव्हे, खिडकीतला, संथ, माइकवरचा. "कळंब. कळंब इचारलं. कळंब आता लागते. बसून राहा."

गहू निवडता निवडता ताई हळूच विचारायच्या, "आन् ढाणकी, भाऊ?"

"ढाणकी. ढाणकी इचारलं. ढाणकीले वेळ हाय, माय. पाणी पिऊन घे."

ताई तोंडाला पदर लावून हसायच्या. सकाळची शाळा असली की मी दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून हे ऐकत राहायची. कितीदा माझाही डोळा लागायचा, आणि अर्धवट झोपेत वाटायचं की अंगणातूनच गाड्या सुटतायत, पांढऱ्या धुळीतून हळूहळू लांब जातायत, आणि आपल्याला कुठंच जायचं नाहीये. तसं सुख मला नंतर मिळालं नाही, हे मी सरळ सांगून टाकते.

आता ग्रुपची गोष्ट.

बाभुळगावात नळ रोज येत नाहीत. दोन-चार दिवसांआड येतात, तेही एका वार्डात आत्ता तर दुसऱ्यात केव्हा, ते व्हॉल्व्ह फिरवणारा जाणे आणि देव जाणे. म्हणून बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानदारानं फोनवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'नळ आले का'. आम्ही सगळे त्याला ॲडमिनभाई म्हणायचो; तो काकांना चाचा म्हणायचा आणि ताईंना आपा, म्हणजे ताईच. मोठा हिकमती माणूस. अर्ध्या गावाचे फोन त्यानंच दुरुस्त केलेले, आणि अर्ध्या गावाला फोन वापरायला त्यानंच शिकवलेलं.

ग्रुपवर व्हायचं असं, की कोणी विचारी, "नळ आले का?" दुसरा विचारी, "रेशनचं धान्य आलं का?" तिसरा, "डॉक्टर आले का?" आणि खाली एकामागून एक उत्तरं पडायची. आले. नाही. आले होते, गेले. एकदा डॉक्टर आले असं समजून एक बाई तापलेलं लेकरू घेऊन निघाली. दवाखान्याला कुलूप, आणि इकडं तिच्या घरचं नळाचं पाणी वाहून चाललं.

काकांना हा प्रकार म्हणजे तोच बसस्टँड वाटला. त्यांनी उत्तर द्यायची आपली रीत सुरू केली. ज्यानं विचारलं त्याचं नाव, मग त्याचा प्रश्न जसाच्या तसा, आणि मग खालच्या ओळीत उत्तर. बोटानं ढकललं की प्रश्न आपोआप चौकटीत येतो हे मी दाखवलं, तर नाक मुरडलं. "त्या चौकटीत लंबा प्रश्न अर्धाच दिसते. अर्ध्या प्रश्नाले पुरं उत्तर कसं द्यावं, मॅडम?" म्हणून सगळं हातानं.

ॲडमिनभाईला हे पटेना. त्याचं म्हणणं, लोक घाईत असतात, फोनवर वरची एकच ओळ दिसते. "चाचा, पहले पानी बोलो, बाद में पत्ता. उत्तर वर पाहिजे, प्रश्न राह्यला त राह्यला खाली." आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होतं बरं का. काकांचं उत्तर आलं की लोकांना वरची ओळ दिसायची, "नळ आले का?" लोक म्हणत, हे काका सकाळपासून विचारूनच राह्यले बापा, कोणी सांगा त्यांले.

पाहता पाहता गावात दोन तट पडले. प्रश्न डोक्यावर ठेवणारे ते डोकेवाले, प्रश्न खाली लोंबकळत ठेवणारे ते शेपटीवाले. डोकेवाल्यांत काका, दोन निवृत्त मास्तर आणि पोस्टातले एक गृहस्थ. शेपटीवाल्यांत उरलेलं बाभुळगाव. चहाच्या टपरीवर वाद व्हायचे. कोणाच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलं तरी तेच.

"आधी उत्तर दिल्यावर प्रश्न कायले पाहिजे?" भाई हात नाचवत म्हणायचा.

"तू म्हनलं, प्रश्न कायले पाहिजे. तर, उत्तर कोणाचं हाय ते समजाले पाहिजे," काका म्हणायचे. "माय चुकीच्या गाडीत बसली तर तू उतरवाले जाशीन काय रे?"

आणि काकांची सगळ्यांत मोठी शत्रू होती घरातच. ताई ग्रुपवर मनाला येईल ते, मनाला येईल तिथं लिहायच्या. नुसतं "हो." नुसतं "नाई वं." कधी नुसता अंगठा. कधी कोणाच्या वारल्याच्या बातमीखाली "भरलं एकदाचं", कारण त्यांचा रांजण भरलेला असायचा. काका बाजेवर आणि ताई चुलीपाशी, मध्ये एक भिंत, पण काका त्यांना सगळ्या गावादेखत ग्रुपवर लिहीत, "ताई, तुम्ही लिहिलं: भरलं एकदाचं. तर, हे कोणाले?" आतून ओरडून उत्तर यायचं, "तुह्या कपायाले!" मी माडीवर हसून हसून लोळायची.

एकदा ताई मला म्हणाल्या, "याले वाटते सगळं जग खिडकीबाहेर रांगेत उभं हाय. अगं, आपल्या माणसाले आपलं बोलणं समजते. त्याले का पत्ता लागते?"

त्या वर्षी थंडीत ताईंच्या छातीत कफ झाला. यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. काका दिवसभर तिथं बसत. एके दिवशी मात्र ताईंनीच त्यांना दामटून घरी पाठवलं, की आज नळाचा दिवस आहे, टाकं कोरडं पडलंय, तुह्या ध्यानात राहणार नाही. दुपारी नळाला आधी हवा आली, मग पाणी. काका पाइप धरून टाक्यापाशी उभे होते. मी जिन्यात होते. दोघांचे फोन एकदमच वाजले.

ताईंनी ग्रुपवर विचारलं होतं, "नळ आले का?"

लगेच त्याखाली कोणाचं फुलांचं चित्र पडलं, शुभ दुपार. मग ट्रॅक्टर विकणे आहे. मग आणखी फुलं. ताईंचा प्रश्न वर सरकत गेला. सगळ्यांनी पाहिला असेल, पण ज्याला त्याला वाटलं, भाऊ घरीच आहे, तो सांगेल. काकांचे हात ओले होते. ते मला म्हणाले, "संध्याकाळी जाऊन तोंडानंच सांगतो. नाई तं म्हनीन, दवाखान्यातही मले तुह्यं डोकं-शेपूट वाचाले लावते."

टाकं भरलं. काका संध्याकाळच्या गाडीनं गेले. ते पोचायच्या आधी ताई गेल्या होत्या.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुपारी बाजेवर काका झोपायचे, पण झोपेत आता गाड्या लागत नव्हत्या. मी कान देऊन बसायची. होला घुमायचा आणि बस्स.

मग एके दिवशी नळ आले आणि ग्रुपवर काकांचं उत्तर आलं. पहिल्यांदाच त्यांनी बोटानं ढकलून चौकटीत प्रश्न घेतला होता. चौकटीत ताईंचं नाव, खाली "नळ आले का?" आणि त्याखाली काकांनी लिहिलं होतं, "आले, ताई. टाकं भरून राह्यलो."

मी खाली गेले. काका म्हणाले, "मॅडम, या चौकटीची गंमत मले माहीतच नव्हती. तिच्यावर बोट ठेवलं का फोन सरसर वर जाते, आन् जिथं तिनं इचारलं तिथं नेऊन सोडते." त्यांनी करून दाखवलं. फुलं, पाणी, ट्रॅक्टर, वर्गणी, सगळं झरझर मागं पळालं, आणि पडदा थांबला तो ताईंच्या ओळीवर. शेजारी त्यांचा लहानसा फोटो, डोक्यावर पदर.

त्यानंतर दर नळाला ते उत्तर द्यायला लागले. आले, ताई. आज बारीक हाय. आज गढूळ आले, तुरटी फिरवली. आज आले आन् लगेच गेले. गावानं आधी हात जोडल्याची चित्रं टाकली. काका त्यातही विचारायचे, "हात कोणाले जोडले?" मग लोक गप्प झाले. मग कुजबूज सुरू झाली. मेलेल्या बाईला दर वेळी हाक मारणं बरं का? कोणाची सून म्हणे फोन उघडायला भिते. एका शहाण्यानं ग्रुपवरच लिहिलं, की हा ग्रुप पाण्याचा आहे. मला असा राग आला की मी चार कडक ओळी लिहून ठेवल्या होत्या. काका म्हणाले, "नोका पाठवू. तो बरोबर बोलते. ग्रुप पाण्याचाच हाय. मी तरी दुसरं काय सांगतो?"

शेवटी ॲडमिनभाईनं जाहीर केलं. नवा ग्रुप निघणार, त्यात फक्त तोच लिहिणार, कुठल्या वार्डात पाणी सुटलं तेवढंच. ना प्रश्न, ना उत्तर, ना भांडण. जुना ग्रुप बंद. गाव खूश. डोकेवाले मास्तरसुद्धा खूश.

काका फोन घेऊन माडीवर आले. ते सहसा वर येत नसत, गुडघे दुखायचे.

"मॅडम, नव्या ग्रुपात तिचं इचारणं नेता येते काय?"

"नाही काका. लिहून काढता येईल. पण चौकटीत नाही येणार."

"मंग ते उत्तर नाही होत," ते पायरीवर बसत म्हणाले. "ते माह्यं सांगणं होते. सांगणारे तं गावभर भल्ले पडले हायेत." मग गुडघा चोळत म्हणाले, "सगळ्या जिल्ह्याले उत्तर देलं मी. तिलेच देलं नाही. आपलीच हाय म्हणून ठेवलं संध्याकाळवर."

दुसऱ्या दिवशी ते भाईच्या दुकानात गेले. मी सोबत होते, भांडण झालंच तर माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा आहे म्हणून. पण काका भांडले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बापू, जुना ग्रुप राहू दे. तू म्हनशीन तसं लिहीन. उत्तर वर म्हनशीन तं वर. शेपूट लाव म्हनशीन तं शेपूट लावीन. कोणाची चूक काढणार नाही. पण तो मोडू नोको."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेबांपुढे, रांगेपुढे, सगळ्या गावापुढे जे सोडलं नाही, ते हा माणूस मोबाइलच्या दुकानात काउंटरवर ठेवून देत होता.

भाई हातातल्या फोनचा स्क्रू फिरवत राहिला. वर बघितलं नाही. "गाववाल्यांनी ठरवलं, चाचा. मी एकटा काय करू?"

"तू इचारलं, मी काय करू," काका म्हणाले, आणि काउंटरवरचे हात काढून घेतले. आम्ही परत आलो.

नवा ग्रुप सुरू झाला. जुन्यातून लोक निघायला लागले. दिवसभर फोनवर ओळी येत होत्या, अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडले. काका बाजेवर पडून एकेक नाव मोठ्यानं वाचायचे, गाड्यांची नावं वाचावीत तसं. मास्तर गेले. पोस्टवाले गेले. हळूहळू ओळीही थांबल्या. मी निघाले नव्हते. कोण उरलंय ते बघायचा मला धीर झाला नाही, न जाणो मी बघायला आणि ग्रुप मोडायला एकच गाठ पडायची.

मग नळाचा दिवस आला. नव्या ग्रुपवर भाईचं टपकन आलं, तुमच्या वार्डात पाणी सुरू. अंगणात नळानं आधी फुसफुस केली. काकांनी पाइप टाक्यात सोडला, हात धोतराला पुसले आणि फोन घेतला. मला बघवेना. पाठवायला जातील आणि जाणारच नाही, असंच माझ्या मनात होतं.

पण गेलं. चौकट, तीत ताई, "नळ आले का?" आणि खाली, "आले, ताई. बरोबर येऊन राह्यले."

आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत बसलो. कडुलिंबाची पिवळी पानं बाजेवर पडत होती. टाक्यात पाण्याचा आवाज भरत होता. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि काय व्हायला हवं होतं ते आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मग फोन वाजला. ॲडमिनभाई. जुन्याच ग्रुपवर. ना चौकट, ना प्रश्न, ना डोकं, ना शेपूट. नुसतं मोकळं लिहिलं होतं, "इधर भी आया, आपा."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. पुन्हा वाचलं. मी रडत होते आणि रडू लपवायला मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून म्हणाले, "बघा काका. परत चुकला. वर प्रश्नच नाही घेतला."

"तुम्ही म्हनलं," त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. मागं टाकं भरून पाणी अंगणात वाहायला लागलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"असू द्या, मॅडम. कोणाले हाय ते समजते."